पडता बाजार आणि गृहस्थधर्म

चार पुरुषार्थांत धर्माचे नाव आधी येते आणि अर्थाचे त्यामागून. सुबत्तेच्या दिवसांत हा क्रम सांभाळणे फारसे कठीण जात नाही. घरात धान्य आहे, पेन्शन वेळेवर येते, बँकेतील ठेवीवर व्याज चढते आहे, अशा वेळी कोणीही धर्मशील असू शकतो. या क्रमाची खरी परीक्षा होते ती संकटात, जेव्हा एकीकडे जिवाचे भय असते आणि दुसरीकडे जन्मभर जमविलेले द्रव्य डोळ्यांदेखत आटत असते. २०२० सालच्या कोरोनाच्या साथीने ही दोन्ही भये एकाच महिन्यात आपल्या दारी आणून उभी केली. त्या साथीतील सेवेविषयी, दानाविषयी आणि आप्तवियोगाविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. त्या दिवसांत शेअरबाजारात लोक जसे वागले, त्याचा नैतिक विचार मात्र क्वचितच होतो. बडोद्यासारख्या शहरात, जेथे मराठी कुटुंबांतूनही शेअरचे कागद आजोबांच्या पेटीतून नातवाच्या डीमॅट खात्यात गेलेले आहेत, हा विचार आमच्या वाचकांस परका वाटू नये.

प्रथम, घडले ते थोडक्यात पाहू. १४ जानेवारी २०२० रोजी मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक, म्हणजे सेन्सेक्स, ४१,९५२ वर बंद झाला. ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महामारी असल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी तो २,९०० हून अधिक अंकांनी घसरला. १३ मार्चला सकाळी घसरण दहा टक्क्यांच्या मर्यादेला भिडली म्हणून व्यवहार काही काळ थांबवावे लागले. आणि त्याच दिवशी बाजार उलट वर चढून बंद झाला. २३ मार्चला, जनता कर्फ्यूच्या दुसऱ्या दिवशी, व्यवहार पुन्हा थांबवावे लागले. दिवसअखेर सेन्सेक्स सुमारे ३,९३५ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक पडून २५,९८१ वर आला होता. अंकांच्या हिशेबाने ती तोवरची सर्वांत मोठी एकदिवसीय घसरण होती. ज्याचे जानेवारीत लाख रुपये होते, त्याचे त्या संध्याकाळी बासष्ट हजारही पुरते उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी रात्री देशभर टाळेबंदी पुकारली गेली. देवालयांचीही दारे मिटली. त्यानंतर बाजार जो फिरला तो ९ नोव्हेंबर २०२० रोजी जानेवारीतील उच्चांक ओलांडून पुढे गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याने ५०,००० चा आकडाही पाहिला.

हा सारा प्रवास संपल्यावर लोकांनी आपापले निवाडे दिले. एका पक्षाने म्हटले की, मार्चमध्ये ज्यांनी विकले ते भित्रे आणि ज्यांनी घेतले ते शहाणे. दुसऱ्या पक्षाने म्हटले की, जग मरणाच्या छायेत असताना स्वस्तात शेअर गोळा करणारे ते गिधाडांच्या जातीचे. एक निवाडा नफ्यावरून दिलेला आहे, दुसरा संतापावरून. आमच्या मते हे दोन्ही निवाडे घाईचे आहेत. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा विचार वेगवेगळा केला, तर धर्माची रेषा भलत्याच ठिकाणी पडलेली आढळते.

आधी विकणाऱ्याकडे पाहू. भीती हा दोष नव्हे. देहधारी प्राण्याला ती निसर्गाने दिलेली आहे. डॅनिएल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले की, मनुष्याला जेवढ्याच तेवढ्या लाभाने जो आनंद होतो त्यापेक्षा तेवढ्याच हानीने होणारे दुःख बरेच मोठे असते. हजार रुपये सापडल्याचा हर्ष संध्याकाळपर्यंत ओसरतो. हजार रुपये हरवल्याची रुखरुख मात्र आठवडाभर सलते. यास्तव पडत्या बाजारात ज्याचा हात थरथरला त्याला हसण्याचे कारण नाही.

परंतु त्या मार्च महिन्यात विकणारे सारे एकाच कारणाने विकत नव्हते. कोणाचे दुकान बंद झाले होते आणि गुमास्त्यांचे पगार द्यावयाचे होते. कोणाच्या घरी आजारी वडील होते आणि इस्पितळात अनामत किती भरावी लागेल याचा अंदाज नव्हता. अशा गृहस्थाने पडत्या भावाने शेअर विकले आणि वर्षभराने त्याच शेअरची किंमत दुप्पट झाली, म्हणून तो मूर्ख ठरतो काय? मुळीच नाही. द्रव्य ज्यासाठी राखावयाचे त्यासाठीच त्याने ते वापरले. गुमास्त्याच्या घरची चूल पेटत राहिली, हा त्याचा नफा कोणत्याही फलकावर दिसत नाही. पण नफाच तो.

दुसऱ्या प्रकारच्या विकणाऱ्याला गरज नव्हती. शेजाऱ्याने विकले, दूरदर्शनवर लाल आकडे पळाले, रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी त्याने विकून टाकले. त्याने अधर्म केला असे आम्ही म्हणणार नाही. त्याने स्वतःचेच नुकसान केले, आणि तेही बहुधा अशा कारणाने की, जे द्रव्य पाच-सात वर्षे बाजूस ठेवता येण्यासारखे नव्हते ते त्याने आधीच बाजारात घातले होते. त्याची चूक मार्चची नव्हती, तर आदल्या वर्षीच्या तेजीतील होती. भीती जेथे प्रकट होते तेथेच ती जन्मलेली असते असे नाही; पुष्कळदा तिचा जन्म लोभाच्या घरी झालेला असतो.

तिसरा विकणारा सर्वांत दुर्दैवी. त्याने कर्ज काढून शेअर घेतले होते. भाव पडताच दलालाने जादा रक्कम मागितली, ती देता आली नाही, आणि त्याचे शेअर त्याच्या इच्छेवाचून विकले गेले. धीर धरावा की धरू नये हा प्रश्नच त्याच्यापुढे उरला नाही. धैर्य हा गुण खरा, पण तो दाखवावयास स्वतःचे मन स्वतःच्या ताब्यात असावे लागते, आणि कर्जदाराचे मन सावकाराकडे गहाण असते. आपल्या वडील मंडळींनी ऋणाचे भय बाळगावयास शिकविले, त्यामागील शहाणपण अशा दिवशी कळते.

आता घेणाऱ्याकडे वळू. येथे एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ‘त्या दिवशी सर्वांनी विकले’ असे आपण सहज म्हणून जातो; पण एकही शेअर घेणाऱ्यावाचून विकला जात नाही. परदेशी गुंतवणूकदारांनी एकट्या मार्च २०२० मध्ये भारतीय शेअरबाजारातून सुमारे ६२ हजार कोटी रुपये काढून नेले. ते शेअर कोणी घेतले? मोठ्या प्रमाणावर ते देशातील संस्थांनी, म्हणजे विमा कंपन्यांनी आणि म्युच्युअल फंडांनी घेतले. आणि म्युच्युअल फंडांकडे पैसा आला कोठून? बऱ्याच अंशी पाचशे-हजार-दोन हजारांच्या मासिक हप्त्यांतून. त्या भयंकर महिन्यातही अशा हप्त्यांची देशभरची बेरीज साडेआठ हजार कोटी रुपयांच्या वर गेली होती. तेव्हा ज्यांना गिधाडे म्हटले गेले, त्यांत शाळेतील शिक्षिका होत्या, पोस्टातले कारकून होते, मुलीच्या शिक्षणासाठी दरमहा काही बाजूस टाकणाऱ्या गृहिणी होत्या. त्यांपैकी बहुतेकांना आपण त्या दिवशी काही विकत घेतले याची वार्ताही नव्हती. हप्ता आपोआप खात्यातून गेला, एवढेच.

तथापि ज्यांनी जाणूनबुजून घेतले त्यांचे काय? दुसऱ्याच्या भयातून आपला लाभ साधणे हे पाप आहे काय? हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही, आणि त्याचे उत्तर शोधताना शेअरची तुलना प्राणवायूशी करून पाहावी. एप्रिल-मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, प्राणवायूची नळकांडी आणि रेमडेसिवीरची इंजेक्शने दडवून ठेवून अवाच्या सवा किमतीला विकणारे लोक निघाले. ते पाप होते, याविषयी दुमत संभवत नाही. ज्याला श्वास हवा होता त्याच्या आणि श्वासाच्या मध्ये ते उभे राहिले. शेअर घेणारा तसा उभा राहत नाही. विकणाऱ्याला रोकड हवी असते आणि घेणारा ती देतो. तो जर नसता, तर भाव आणखी पडला असता आणि इस्पितळाची अनामत भरू पाहणाऱ्या गृहस्थाच्या हाती आणखी कमी आले असते. म्हणून पडत्या बाजारात घेणे, हे कर्म म्हणून निर्दोष आहे, असेच आम्हांस वाटते.

पण निर्दोष असणे निराळे आणि पुण्यप्रद असणे निराळे. दुष्काळात तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, अशी परंपरा सांगते. तो व्यवहार नव्हता; ती करुणा होती. तुकोबांच्या मापाने मोजावयाचे तर आपण सारेच उणे पडू. परंतु एवढे तरी आपल्या हाती आहे की, व्यवहाराला कोणी करुणेचे नाव देऊ नये. मार्चमध्ये शेअर घेऊन नोव्हेंबरात ज्यांचे द्रव्य वाढले, त्यांपैकी कोणी ‘आम्ही देशाच्या पडत्या काळात बाजाराला टेकू दिला’ असे म्हणू लागला, तर त्याला नम्रपणे एवढेच विचारावे की, त्या वाढीतील किती भाग टेकू देण्याच्या खऱ्या कामी, आजाऱ्याच्या औषधाला अथवा अनाथ झालेल्या मुलाच्या शिक्षणाला गेला?

मग या सर्व व्यवहारात पाप कोठे सुरू होते? आमच्या मते तीन ठिकाणी.

पहिले, जेव्हा एका पक्षाला जे ठाऊक आहे ते दुसऱ्यापासून लपविले जाते. २०२० च्या आरंभी अमेरिकेच्या सिनेटमधील सभासदांना साथीविषयी बंद दाराआड माहिती देण्यात आली होती. त्याच सुमारास काही सभासदांच्या किंवा त्यांच्या कुटुंबीयांच्या नावावरील शेअर घसरणीपूर्वी विकले गेले, हे उघडकीस येताच त्या देशात मोठा गदारोळ झाला. सरकारी चौकशी झाली. पुढे कोणावरही खटला भरला गेला नाही. कायद्याने तो विषय तेथे मिटला आणि आम्हीही कोणावर दोष ठेवीत नाही. पण लोकांच्या मनास जे टोचले ते अगदी स्वाभाविक होते. ज्याला घर जळणार हे कळले त्याने शेजाऱ्यांना हाक न देता आपले तेवढे सामान बाहेर काढावे, हे कोणत्याही देशातील साध्या माणसाला पटत नाही.

दुसरे, जेव्हा भय अथवा लोभ मुद्दाम पसरविला जातो. टाळेबंदीत घरोघरी मोबाइलवर खऱ्या-खोट्या वार्तांचा पूर लोटला होता. अमक्या औषधाने अमकी कंपनी सोन्याची होणार, तमकी बँक बुडणार, असे निरोप एका हातातून दुसऱ्या हातात जात होते. ते पुढे धाडणाऱ्यांत आपल्यापैकीही पुष्कळजण असतील, आणि त्यांचा हेतू वाईट नसेलही. पण वाणी हेही एक द्रव्यच आहे. खोटे नाणे अजाणता चालविणाऱ्याच्या हातूनही दुसरा फसतोच.

तिसरे ठिकाण घरातच आहे. कुटुंबाचा कर्ता ज्या पैशाचे शेअर घेतो, तो पैसा नेहमी त्याचा एकट्याचा नसतो. त्यात पत्नीचे स्त्रीधन असते, मातेच्या औषधाची तरतूद असते, मुलीच्या शिक्षणासाठी वेगळे काढलेले असते. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी २७ मार्च आणि २२ मे अशा दोन वेळा मिळून रेपो दर सव्वापाच टक्क्यांच्या जवळून चार टक्क्यांवर आणला. कर्जदारांना त्याने दिलासा मिळाला. पण मुदत ठेवींच्या व्याजावर जगणाऱ्या वृद्धांची मिळकत त्याने आटविली, आणि पुष्कळांनी नाइलाजाने शेअरबाजाराची वाट धरली. मार्च २०२० मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डीमॅट खाती होती, ती वर्षभरात साडेपाच कोटींच्या आसपास गेली. त्यांना दोष कसा द्यावा? परंतु घरच्यांस न विचारता, न सांगता, त्यांच्या ठेवीचे रूपांतर जुगारात करणे हा विश्वासघात आहे, मग त्यातून नफा का होईना.

आणि नफा झाला तरी तो विश्वासघातच कसा, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. कारण या निबंधाचे सार त्यातच आहे. मार्च २०२० मध्ये ज्यांनी धीर धरला ते आज शहाणे ठरतात, कारण बाजार आठ महिन्यांत वर आला. पण तो तसा येईल हे त्या दिवशी कोणासही ठाऊक नव्हते. १९२९ साली न्यूयॉर्कचा बाजार कोसळला, तेव्हा तेथील डाऊ जोन्स निर्देशांकाला आपला जुना उच्चांक पुन्हा पाहावयास १९५४ साल उजाडावे लागले. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या अखेरीस ज्या शिखरावर होता, ते त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा गाठता आले. मध्ये एक पिढी म्हातारी झाली. तेथेही धीर धरणारे होते, आणि त्यांचा धीर काही कमी प्रतीचा नव्हता. एकच कर्म एका देशात शहाणपण आणि दुसऱ्या देशात मूर्खपणा ठरत असेल, तर आपण कर्माची परीक्षा करीत नसून फळाची करीत आहोत, हे उघड आहे. फळावर आपला अधिकार नाही, हे आपण कीर्तनात ऐकतो आणि माना डोलावतो; घरी येऊन मात्र फळावरूनच सोयऱ्याधायऱ्यांचे शहाणपण मोजतो.

या चुकीच्या मोजणीची किंमत पुढे अनेकांना द्यावी लागली. २०२० च्या तेजीत ज्यांना सहज पैसा मिळाला, त्यांपैकी कित्येकांना वाटले की, हे आपल्या बुद्धीचे फळ आहे, आणि ते वायद्याच्या व्यवहारात उतरले. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, मार्च २०२४ अखेरच्या तीन वर्षांत शेअरच्या वायदे-व्यवहारांत पडलेल्या व्यक्तींपैकी सुमारे ९३ टक्के लोकांनी पैसा गमावला, आणि त्यांची एकूण हानी १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर होती. दैवाने दिलेल्या देणगीला ज्याने आपली कर्तबगारी मानले, त्याच्याकडून दैवाने ती परत घेतली, असेच म्हणावयाचे.

बाजाराच्या आकड्यावरून आपल्या वागण्याची किंमत ठरवू नये, याचे आणखी एक कारण आहे. २३ मार्च २०२० रोजी, बाजार सर्वाधिक भयभीत होता तेव्हा, सरकारी मोजणीप्रमाणे देशात कोरोनाचे पाचशेही रुग्ण नव्हते. मे २०२१ मध्ये एकेका दिवसात चार लाखांवर नवे रुग्ण सापडत होते, दिवसाकाठी चार हजारांवर माणसे दगावत होती, स्मशानांत रांगा लागल्या होत्या. आणि सेन्सेक्स त्या महिन्याअखेर ५१,००० च्या वर होता. यात बाजार निर्दय आहे असे नाही. कंपन्यांना पुढे नफा किती होईल एवढेच तो मोजतो. शेजारच्या घरातील रडणे मोजण्याचे यंत्र त्याच्यापाशी नाही. ते यंत्र परमेश्वराने आपल्यापाशी ठेवले आहे. म्हणून फलक हिरवा आहे म्हणून काळ चांगला, आणि तो लाल आहे म्हणून काळ वाईट, असे म्हणण्याची सवय गृहस्थाने लावून घेऊ नये.

महाभारतातील शांतिपर्वात तुलाधाराची कथा आहे. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे बांधले, आणि पिले मोठी होऊन उडून जाईपर्यंत तो हलला नाही. त्याला आपल्या धर्माचा अभिमान झाला, तेव्हा आकाशवाणीने त्याला सांगितले की, वाराणसीतील तुलाधार नावाच्या वाण्याची बरोबरी तुला करता येणार नाही. जाजली त्याच्या दुकानी गेला. तो वाणी काही तप करीत नव्हता. माल मोजून देत होता. त्याची थोरवी एवढीच की, त्याची तराजू सर्व प्राण्यांसाठी सारखी होती आणि स्तुती-निंदेने, लाभ-हानीने तिची दांडी झुकत नव्हती. ही कथा मोठी अर्थपूर्ण आहे, कारण येथे तपस्व्याला धर्म शिकवावयास व्यापारी निवडला आहे. बाजारात बसूनही माणसाला सम राहता येते, एवढे आश्वासन तिच्यात आहे. आणि सम राहणे म्हणजे डोळे मिटून जागच्या जागी उभे राहणे नव्हे, हेही तिच्यात आहे. जाजलीचे न हलणे आणि तुलाधाराचे न झुकणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पडत्या बाजारात शेअर विकलेच नाहीत म्हणून कोणी स्थिर ठरत नाही, आणि विकले म्हणून कोणी चंचल ठरत नाही. हातातले माप तेजीत आणि मंदीत तेच होते काय, एवढेच पाहावयाचे.

हे माप गृहस्थाने संकट येण्यापूर्वीच घरात ठरवून ठेवावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे. औषधपाण्यासाठी आणि वर्षभराच्या निर्वाहासाठी लागणारे द्रव्य बाजारात घालू नये. कर्ज काढून शेअर घेऊ नयेत. घरातील वडील मंडळी, पत्नी आणि जाणती मुले यांना न सांगता त्यांच्या वाट्याचा पैसा हलवू नये. ऐकीव वार्ता पुढे धाडू नये. आणि संकटात लाभ झालाच, तर संकटात पिळून निघालेल्यांचा त्यात काही अंश आहे, असे समजून तो काढून ठेवावा. यांपैकी एकही नियम नफा वाढविणारा नाही. परंतु जो गृहस्थ ते पाळील त्याला पुढच्या साथीत, किंवा पुढच्या कोणत्याही मंदीत, रात्री अंथरुणावर पडल्यावर आकड्यांचा हिशेब करीत बसावे लागणार नाही. आणि शेजारच्या दारातून मदतीची हाक आली, तर ती ऐकावयास त्याचे कान मोकळे असतील.